बरं असतानाच लिहून ठेवा



रमजानची चाहूल लागली की घराघरांत तयारी सुरू होते. गव्हाचं दळण, खजूर, शेवया, मुलांचे पहिले रोजे. पण काही घरांत याच दिवसांत मनात एक धाकधूक असते. घरातला मुलगा, सून, भाऊ किंवा खुद्द अब्बा वर्षभर ठीक असतात. मग रात्रीच्या जागरणात त्यांची झोप उडते, बोलणं वाढतं, पैसा पाण्यासारखा जातो आणि ईदच्या आधी दवाखाना गाठावा लागतो. शेजारी म्हणतात असर झाला, नातेवाईक म्हणतात पैशाचा माज आला. घरचे कोणालाच काही सांगू शकत नाहीत. या महिन्याचं सदर अशा घरांसाठी आहे, आणि त्याहूनही जास्त, ज्याला हा आजार आहे त्याच्या स्वतःसाठी.

उन्माद म्हणजे नेमकं काय?

उन्माद हा शब्द आपण एरवी माज किंवा दंगा या अर्थानं वापरतो. डॉक्टर ज्याला मॅनिया म्हणतात तो उन्माद वेगळा. मन आणि शरीर दोन्ही वेगात सुटतात आणि निदान आठवडाभर तसेच राहतात. माणूस दोन-तीन तास झोपतो तरी थकत नाही. एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत बोलतो. आपल्याला काहीतरी खास कळलं आहे, आपल्या हातून मोठं काम होणार आहे अशी खात्री वाटते. उधारीवर खरेदी, नवा धंदा, मोठ्या देणग्या, रात्री-अपरात्री फोन, अडवलं की भयंकर संताप. काहींना आवाज ऐकू येतात. काहींची इबादत अचानक इतकी वाढते की घरच्यांना आधी ती नेकी वाटते. ज्याला उन्माद येतो त्याला बहुधा कधीतरी खोल उदासीचाही झटका येतो. या दोन टोकांमुळे आजाराला बायपोलर किंवा द्विध्रुवीय विकार म्हणतात.

हा वाईट स्वभावही नाही आणि तरबियतची कमतरताही नाही. मधुमेहासारखाच हा वर्षानुवर्षं सोबत राहणारा आजार आहे, आणि औषध घेऊन, दिनक्रम सांभाळून माणूस शाळेत शिकवू शकतो, दुकान चालवू शकतो, संसार करू शकतो. अडचण अशी की आपल्याकडे उपचारच पोहोचत नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्या दहापैकी सुमारे सात जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं.

या आजाराची एक खोड सगळ्यात आधी समजून घ्यायला हवी. ताप आला की आपल्याला कळतं की आपण आजारी आहोत. उन्मादात उलट होतं. माणसाला वाटतं की आयुष्यात इतकं बरं कधी वाटलंच नव्हतं. जी अक्कल वापरून आजार ओळखायचा, तिच्यावरच आजार स्वार होतो. म्हणून उन्माद आल्यावर "आता काय करायचं" हे ठरवू म्हटलं तर फार उशीर झालेला असतो. ते ठरवायचं बरं असताना, शांत डोक्यानं, आणि कागदावर.

ही गोष्ट नवी नाही. आजच्या अफगाणिस्तानातील बल्ख भागात इ.स. ८५० च्या सुमारास जन्मलेले अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला, 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस'. त्यांचा एक सल्ला आजही लागू पडतो. घरात अचानकच्या दुखण्यासाठी आपण औषध आधीच आणून ठेवतो, तसं मन ठीक असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे बिघडल्या वेळी ते हाताशी असतात. कैरो आणि अलेप्पोच्या जुन्या बिमारिस्तानांत मनाच्या रुग्णांसाठी वेगळी जागा होती. मनाच्या आजारावर इलाज करणं ही आपल्यासाठी बाहेरून आलेली गोष्ट नाही.

आपल्या खुणा आपण ओळखा

प्रत्येकाचा उन्माद आपल्या ठरलेल्या पावलांनी येतो. कोणाची आधी झोप कमी होते. कोणी पहाटे उठून घर आवरायला घेतो. कोणाच्या व्हॉट्सअॅपवर दिवसाला शंभर मेसेज जाऊ लागतात. कोणी चमकदार कपडे घालतो, कोणी जुन्या भांडणांचा हिशेब काढतो. मागचे एक-दोन झटके आठवून घरातल्या विश्वासाच्या माणसासोबत बसा आणि पहिल्या आठवड्यात काय काय बदललं होतं ते लिहा. पाच खुणा पुरतात. "चिडचिड होते" असं मोघम लिहू नका. "दुकानातल्या गिऱ्हाइकाशी वाद घालतो", "रात्री दोनला चहा करतो" असं लिहा, म्हणजे दुसऱ्यालाही ती खूण दिसेल.

मग रोजची एक छोटी नोंद ठेवा. आम्ही शाळेत हजेरीपट भरतो तशीच. तारीख, किती तास झोप झाली, मन शून्य ते दहामध्ये कुठे आहे, औषध घेतलं का, खर्च किती झाला. एका ओळीचं काम आहे. महिन्याभरात त्या वहीत असं काही दिसतं जे आपल्याला आठवणीतून कधीच दिसत नाही. डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. पाच मिनिटांच्या भेटीत ती तुमच्या वतीनं बोलेल.

नियमही आधीच ठरवा. उदाहरणार्थ, लागोपाठ दोन रात्री पाच तासांहून कमी झोप आणि तरीही थकवा नाही, किंवा पाचपैकी दोन खुणा एकत्र दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. "अजून दोन दिवस बघू" असं म्हणायचं नाही. ते दोन दिवसच हातातून जातात.

झोप हा पहिला दरवाजा

उन्मादात झोप उडते हे सगळ्यांना दिसतं. उलटही खरं आहे, झोप उडाली की उन्माद येतो. म्हणून या आजारात झोप हे औषधाइतकंच महत्त्वाचं. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचारावर एक उपचारपद्धती उभी केली. तिचा गाभा साधा आहे. दिवसातल्या काही गोष्टी रोज ठरल्या वेळी करायच्या: उठणं, पहिल्यांदा कोणाशी बोलणं, कामाला लागणं, रात्रीचं जेवण आणि अंथरुणावर जाणं. या पाच वेळा घट्ट धरल्या की शरीरातलं घड्याळ सांभाळलं जातं. पाच वक्त नमाजची सवय असलेल्या घरात वेळापत्रक ही काही नवी कल्पना नाही.

आमच्या मुकुटबन-वणी पट्ट्यात याला एक खास बाजू आहे. इथे कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे. अनेक घरांतले तरुण पाळीनं काम करतात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. ज्याला बायपोलर आहे त्याच्यासाठी बदलती रातपाळी फार धोक्याची. डॉक्टरांकडून तसं लिहून घेऊन कायम दिवसपाळी मागता येते. लग्नसराईची जागरणं, लांबचा रात्रीचा प्रवास, कापसाच्या हंगामातली रात्रीची राखण, यांतही आधीच विचार करा. लग्नाला जायचंच, पण रात्री अकराला घरी.

घरातल्या बाळंतिणीकडेही लक्ष ठेवा. जिला आधी बायपोलरचा त्रास झाला आहे तिला बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झटका येण्याचा धोका बराच वाढतो. रात्री बाळाला सांभाळायला अम्मी, सासू किंवा शोहर यांपैकी कोणीतरी उठावं आणि तिला सलग झोप मिळावी, ही तिच्यासाठी चैन नव्हे, उपचार आहे.

झोप येत नसेल तर असर नंतर चहा-कॉफी बंद, रात्री नऊनंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत, दिवा मंद, खोलीत गर्दी नाही. मन पळत असेल तेव्हा त्याला अजून काम देऊ नका. उन्मादाच्या सुरुवातीला "दमला की झोपेल" म्हणून पळायला किंवा राबायला लावणं चुकीचं. कमी आवाज, कमी उजेड, कमी माणसं, हेच करायचं.

रमजान आणि आपला आजार

आता मूळ प्रश्न. रोजे ठेवायचे की नाही?

या विषयावर मुस्लिम देशांतच अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष सारखे नाहीत. मोरोक्कोतील कासाब्लांका येथील डॉक्टरांनी लिथियम घेऊन स्थिर असलेल्या २० रुग्णांवर रमजानभर लक्ष ठेवलं. २००० साली छापलेल्या या अभ्यासात ४५ टक्के रुग्णांचा आजार उलटला, आणि त्यातही उन्मादच जास्त होता. रक्तातलं लिथियमचं प्रमाण मात्र त्याला कारण नव्हतं. डॉक्टरांचा संशय दिवसाची-रात्रीची लय बिघडण्यावर होता. पाकिस्तानातील पेशावरच्या डॉक्टरांचा अभ्यास २०१० मध्ये छापला गेला. त्यात ६२ रुग्ण होते. त्यांच्या रक्तातील लिथियम फारसं बदललं नाही, आणि त्यांची मनःस्थितीही बिघडली नाही.

यातून एवढं समजतं की सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही. कोणाला झेपतं, कोणाला नाही. ज्याला मागच्या रमजानमध्ये झटका आला, ज्याचा आजार गेल्या काही महिन्यांत उफाळला होता, ज्याचं औषध नुकतंच बदललं आहे, त्यानं फार सावध राहावं. रमजानच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. "मला रोजे ठेवायचे आहेत, गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या?" असं सरळ विचारा. काही औषधं रात्रीच्या एकाच वेळेला घेता येतात, पण हा बदल डॉक्टरच करतील. रोज्याच्या नावाखाली दुपारची गोळी आपणहून सोडणं हा सगळ्यात मोठा धोका.

डॉक्टर नको म्हणाले तर मन खट्टू करू नका. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींत आजारी माणसाला सवलत दिली आहे, पुढे इतर दिवसांत रोजे पूर्ण करण्याची. ज्याला कायमच शक्य नाही त्याच्यासाठी फिदया आहे. आपल्या बाबतीत काय लागू होतं ते डॉक्टरांचं मत सोबत नेऊन जाणत्या आलिमांना विचारा. मनाचा आजारही आजारच आहे, हे त्यांना मोकळेपणानं सांगा. आणि घरच्यांनो, रोजा नसलेल्या माणसाला दस्तरखानावर टोमणा मारू नका. साखर असलेल्या मामूंना कोणी टोमणा मारतं का?

रोजा असो वा नसो, रात्र सांभाळा. ज्याचा रोजा नाही त्याला सहरीला उठवू नका. ज्याचा आहे त्यानं इशानंतर लवकर झोपावं, फजरनंतर किंवा दुपारी ठरलेल्या वेळी झोपेची भर काढावी. तरावीह घरीही पढता येते. बाजारातली रात्रीची फेरी नकोच. सहरीचा स्वयंपाक करणारी बाईच आजारी असेल तर हा भार इतरांनी उचलायला हवा. रात्रीच डबे भरून ठेवा, पहाटे घरातल्या पुरुषांनी गरम करून घ्यावं. घरातल्या बाईची झोप सगळ्यात आधी कापली जाते आणि तिचा आजार सगळ्यात उशिरा लक्षात येतो.

हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दरदा यांचा बुखारी शरीफमधला प्रसंग अनेकांना माहीत आहे. अबू दरदा रात्रभर इबादतीत उभे राहू पाहत होते. सलमान यांनी त्यांना झोपवलं, रात्रीच्या शेवटच्या भागात उठवलं आणि सांगितलं की रबचा हक्क आहे, तसा शरीराचा आणि घरच्यांचाही हक्क आहे. पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी सलमान यांचं म्हणणं खरं ठरवलं. ज्याच्या आजाराचं दार झोपेतून उघडतं, त्यानं हा प्रसंग लक्षात ठेवावा.

औषध, ऊन आणि अंगदुखीची गोळी

१९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला. आजही हे औषध मोलाचं आहे, पण ते मापात राहिलं पाहिजे. रक्तातलं प्रमाण थोडं वाढलं तरी त्रास होतो. म्हणून ठरलेल्या मुदतीनं रक्ताची तपासणी, थायरॉइड आणि किडनीची तपासणी चुकवू नका. लिथियमच्या तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात.

विदर्भाचं ऊन इथे आडवं येतं. खूप घाम, जुलाब, उलट्या, पाणी कमी पिणं, अचानक मीठ बंद करणं, यांनी लिथियम वाढू शकतं. अंगदुखीसाठी आपण मेडिकलमधून सहज घेतो त्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही ते वाढतं. मेडिकलवाल्याला आधी सांगा की मी लिथियम घेतो. हात खूप थरथरणं, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या-जुलाब, गुंगी दिसली तर गोळी घरी मोजत बसू नका, रोजा असेल तर तो सोडा आणि लगेच दवाखाना गाठा.

आणखी दोन सूचना. व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भातल्या बाळाला इजा करू शकतं, म्हणून लग्न ठरलेल्या किंवा मूल हवं असलेल्या मुलीनं डॉक्टरांशी आधीच बोलावं, पण स्वतःहून बंद करू नये. आणि उदासीच्या काळात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी उन्माद येऊन गेल्याचं जरूर सांगा. केवळ उदासीवरची गोळी काहींना उन्मादात ढकलते. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी दिलेल्या स्टेरॉइडनंही तसं होऊ शकतं.

बरं वाटलं की गोळी सुटते, हे जगभर घडतं. केय रेडफिल्ड जेमिसन या अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या प्राध्यापिका, याच आजारावर त्यांचं काम. त्यांना स्वतःला बायपोलर आहे आणि १९९५ च्या आत्मकथनात त्यांनी कबूल केलं की लिथियम घ्यायला त्या कित्येक दिवस तयार नव्हत्या. त्या उंचीची ओढ वाटते, गोळीनं आपण फिके पडलो असं वाटतं. असं वाटत असेल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. अचानक बंद केलं तर मात्र आजार जोरात उलटतो.

पैसा आणि शब्द, दोन्ही सांभाळा

उन्माद उतरतो, कर्ज उरतं. आपल्याकडे कापूस विकला की हातात रोकड येते आणि नेमकी तेव्हाच झोप उडाली तर महिन्याभरात वर्षाची कमाई जाते. म्हणून बरं असताना ठरवा: ठरावीक रकमेपुढचा कोणताही खर्च दोन रात्री झोपून मगच, आणि घरातल्या ठरलेल्या माणसाला विचारून. मोठी रक्कम दोघांच्या सहीच्या खात्यात किंवा मुदत ठेवीत. रोजच्या वापराच्या खात्यात थोडेच पैसे, फोनपे-गुगलपे त्याच खात्याला जोडलेलं. खुणा दिसल्या की एटीएम कार्ड, गाडीची चावी आणि चेकबुक त्या माणसाकडे. घर, शेत, सोनं, नोकरीचा राजीनामा, निकाह आणि तलाक, यांपैकी कशाचाही निर्णय त्या दिवसांत नाही. रात्री दहानंतर कोणालाही मेसेज नाही.

सूरह निसाच्या पाचव्या आयतीत व्यवहाराची समज नसलेल्यांच्या हाती माल न देण्याचा हुकूम आहे, आणि त्याच आयतीत त्यांना खाऊ-पिऊ घालण्याचा, कपडे देण्याचा आणि त्यांच्याशी चांगलं बोलण्याचाही आहे. दुसरा भाग विसरू नका. चावी काढून घेताना अपमान करायचा नाही. आणि बरं वाटलं की सगळा कारभार त्याचा त्याला परत. एकदा आजारी पडला म्हणून जन्मभर हिशेबातून बाद करणं हा जुलूम आहे.

घरच्यांसाठी

उन्मादातल्या माणसाशी वाद घालून कोणी जिंकत नाही. ज्याचं तो ऐकतो अशा एकाच माणसानं बोलावं, हळू आवाजात, छोट्या वाक्यांत. "तू वेडा झालास" न म्हणता "तुझ्या कागदावर लिहिलं आहे की दोन रात्री झोप नाही झाली तर डॉक्टरांकडे जायचं, चल जाऊ" असं म्हणा. त्याच्या स्वतःच्या अक्षरातला कागद हा तुमचा सगळ्यात मोठा आधार. लहान मुलांना त्या दिवसांत मामूंकडे, खालाकडे पाठवा आणि त्यांना साध्या शब्दांत सांगा की अब्बा आजारी आहेत, यात तुमचा काही कसूर नाही.

दुआ जरूर करा. पण माणसाला दोरीनं, साखळीनं बांधू नका आणि कोणाला बांधू देऊ नका. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात आग लागली. मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. २८ जणांचा जीव गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ नं साखळीनं बांधण्यावर पूर्ण बंदी आहे. उलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुआ' हा उपक्रम झाला. दर्ग्याचे मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र आले, येणाऱ्याला दुआही मिळू लागली आणि गोळीही. आपल्या गावातल्या मौलाना साहेबांशी, आमिलांशी असंच बोलता येईल. ते एका वाक्यात "आधी डॉक्टरांना दाखवा" म्हणाले तरी एक घर वाचतं.

तीन रात्री झोप नाही, खाणं-पिणं सुटलं, मारहाण, भरधाव गाडी, नसलेले आवाज, किंवा मरणाची भाषा, यांपैकी काहीही दिसलं तर कागदाची, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. उन्माद उतरल्यावर येणाऱ्या उदासीत आत्महत्येचा धोका असतो. म्हणून तो "शांत झाला" म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

तो कागद

एका पानावर सहा गोष्टी लिहा. एक, माझ्या पाच खुणा. दोन, किती झोप कमी झाली की डॉक्टरांना फोन करायचा, त्यांचा नंबर. तीन, माझी औषधं, मात्रा, आणि कोणतं औषध मला सोसत नाही. चार, कार्ड, चावी आणि फोन कोणाकडे द्यायचा. पाच, मला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोणी न्यायचं, मुलांना कुठे ठेवायचं. सहा, मला त्या वेळी काय बोललेलं चालतं आणि काय बोललं की मी भडकतो. खाली सही तुमची, आणि त्या माणसाची. एक प्रत डॉक्टरांच्या फाईलमध्ये.

याला कायद्याचंही बळ देता येतं. २०१७ च्या याच कायद्याच्या कलम ५ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवू शकते, आणि कलम १४ नुसार आपला प्रतिनिधी नेमू शकते. आणीबाणीच्या उपचाराला हा कागद अडवत नाही. त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं अशी तरतूद आहे.

मदत कुठे?

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतही, फुकट बोलता येतं. एकटं वाटत असेल तर सोबतीही आहेत. मुंबईतील विजय नल्लावाला यांनी स्वतः या आजारासोबत जगत 'बायपोलर इंडिया' हा आपसांत आधार देणारा समूह उभा केला. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांचे आणि घरच्यांचे स्वमदत गट चालवते. आपल्या तालुक्यातही दोन-तीन घरं महिन्यातून एकदा बसली तरी गट झाला. चहा, वही आणि एकमेकांचं ऐकणं, एवढंच लागतं.

झटका ओसरल्यावर लाज फार वाटते. कोणाला काय बोललो, कोणाचे पैसे घेतले. एक यादी करा आणि एकेक निस्तरा: आधी देणं, मग माफी. सगळं एका आठवड्यात करायला जाऊ नका. कामावर परतताना पहिल्या दिवसापासून पूर्ण भार घेऊ नका. आणि घरच्यांनी ते दिवस पुन्हा पुन्हा उगाळू नयेत.

रमजानला अजून अवकाश आहे. या जुम्म्याला जेवण झाल्यावर घरातले दोघं बसा, एक कोरा कागद घ्या आणि पहिली खूण लिहा. अल्लाह सर्व आजारी भाऊ-बहिणींना शिफा देवो. आमीन.